श्वासनळीचं ठिगळ

इस्पितळातल्या उपचारांच्या खोलीचं दार बंद झालं आणि ठकीची आई बाहेरच्या बाकावर टेकली. तीन वर्षांच्या ठकीच्या गळ्यातली नळी आज काढायची होती.

जन्मापासून पोरीची श्वासनळी चिंचोळी. म्हणून गळ्याला भोक पाडून ती नळी बसवलेली. सगळा श्वास तिथूनच आत-बाहेर, वरच्या स्वरयंत्रापर्यंत हवा पोचतच नव्हती. पोर हसली तरी बिनआवाजी, रडली तरी बिनआवाजी. त्यामुळे आईला भाजी चिरतानाही तिच्याकडे पाठ फिरवायची सोय नव्हती. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी ठकीच्याच कानाच्या कूर्चेतल्या, म्हणजे मऊ हाडातल्या, पेशी वाढवून तयार केलेलं ठिगळ श्वासनळीला शिवलं होतं. ते तग धरतंय की नळी काढताच खचतंय, हे आत्ता कळायचं होतं.

"कानाचा तुकडा घशात गेलाय," नवरा म्हणाला. "आता कार्टी गळ्यानंही ऐकणार. घरात कुजबुजायचीही चोरी!"

"गप्प बसा हो! इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला थट्टा सुचतेय."

तो उठून येरझाऱ्या घालू लागला. 

आत काय चाललंय, काही कळेना. ती उठून दाराशी गेली, तेवढ्यात कुठलं तरी पोर किंचाळायला लागलं. साधंसुधं नाही, अगदी टिपेला. घोगरं, फाटकं रडणं, थांबायचं नावच घेईना. तिच्या मस्तकात तिडीक गेली. काय ही माणसं! पोराला बाहेर न्यायचं एवढंही कळू नये? आत इतकं नाजूक काम चाललंय, या कल्लोळात डॉक्टरांचं लक्ष उडालं म्हणजे?

दार किलकिलं झालं. सिस्टर बाहेर आल्या. आई त्यांच्या अंगावर धावूनच गेली.

"अहो सिस्टर, कुणाचं आहे ते पोर? आधी गप्प करा ना त्याला! आत माझी मुलगी..."

"आत दुसरं पोर नाहीच," सिस्टर म्हणाल्या. "तुमचीच आहे ती. चला, घ्या तिला. तुम्हाला बघितलं की होईल गप्प."

नवरा मटकन बाकावर बसला. आई उंबरठ्यापर्यंत गेली. समोर ठकी, लालबुंद, तोंड वासलेलं. आईचे डोळे घळाघळा वाहू लागले, पण पाऊल तिथेच अडलं.

"येते हो सिस्टर," ती म्हणाली, "पण जरा रडू द्या तिला."