पत्र्याचा डबा

निर्वासितांच्या छावणीत आले तेव्हा त्यांना हे पत्र्याचं घर पाच वर्षं टिकेल या बोलीवर मिळालं होतं. आता त्याला तेरावं लागलं होतं. वाळवंटाच्या उन्हानं पत्रे फुगले, तळाच्या फळ्या भुसभुशीत झाल्या, आणि ठिगळं लावून लावून रबाब थकली.

लढाई थांबली, तसा नवरा मुअताझ सीरियातलं वडिलोपार्जित दगडी घर झाडून ठेवायला पुढे गेला. इकडे शेजारीण उम्म लैथ कबुतरांच्या खुराड्यासाठी पत्रे मागायला आली.

"सगळा डबाच घेऊन जा गं, सुटले मी!" रबाब म्हणाली.

तेवढ्यात मुअताझचा फोन आला.

"घर कसंय हो आपलं?"



"रबाब, तो डबा कुणाला दिला नाहीस ना अजून?"