चार मिलिमीटर

डॉक्टर निहारिकांनी मोजपट्टी पुन्हा एकदा लावून पाहिली. सुळ्यामागची फट चार मिलिमीटर होती. मागच्या महिन्यात चार होती, त्याच्या आधीच्या महिन्यातही चार. त्यांनी नोंदींचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि खुर्चीत आडव्या पडलेल्या ऋताला तोंड मिटायला सांगितलं.

भिंतीलगतच्या बाकावर ऋताचे वडील मधुकर आणि तिची होणारी सासू कल्पनाताई बसले होते. कल्पनाताई देवासहून मुद्दाम उज्जैनला आल्या होत्या. मुलीचे पुढे आलेले दात आत गेले की लग्न, असं त्यांनीच ठरवलं होतं, आणि आता त्यांना तारीख हवी होती.

सुळा मागे सरकलेला नाही, आणि तो सरकल्याशिवाय पुढचे दात आत जायचे नाहीत, डॉक्टर म्हणाल्या. पंचविशीत हाड जरा सावकाश काम करतं, पण इतकं नाही.

कल्पनाताईंनी तार थोडी कसून बांधायला सुचवलं. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. जोर जास्त झाला की तिथलं रक्तच थांबतं, दात होता तिथे अडून बसतो, वर मुळं झिजतात ती वेगळीच.

"तार दात ओढत नाही, काकू. नुसती दाबते. दाब पडतो त्या बाजूचं हाड शरीर स्वतःच झिजवतं आणि मागच्या बाजूला नवं भरतं. हे सगळं त्या सुजेतूनच होतं, म्हणून थोडं दुखतं. रोज दर्दची गोळी घेतली की सूज मारली जाते. मग काम बंद." त्या ऋताकडे वळल्या. "पहिल्या दिवशीच सांगितलं होतं तुला. घेत नाहीस ना?"

"नाही," ऋता म्हणाली.

मधुकरांनी मान वर केली. दर सोमवारी ते इथल्याच देवास गेट भागातल्या मेडिकलमधून दर्दच्या पंधरा गोळ्यांची स्ट्रिप आणत होते. बाबा, फार दुखतं हो, असं ती म्हणायची. पहिल्या दिवशी ते इथे आले नव्हते. पंधरा गोळ्या आठवड्यात संपत. मध्ये पोटात जळतं म्हणून ती चार दिवस धड जेवली नव्हती, तरी सोमवारी स्ट्रिप मागितलीच.

त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती डोळ्यांवरच्या दिव्याकडे टक लावून पाहत होती. तिला दुखत नव्हतं, किंवा दुखत असेलही, पण गोळ्या त्यासाठी नव्हत्या. तिला हे लग्न नको होतं, आणि अडवून धरता येईल असं तिच्याजवळ फक्त दातच होते.

खरं सांगून टाकावं, असं मधुकरांना वाटलं. पण कोणतं, गोळ्यांचं की लग्नाचं, हे त्यांचं ठरेना. गोळ्यांचं सांगितलं तर पोरगी उघडी पडणार. लग्नाचं सांगायचं, तर ते तिने आपल्याला कुठे सांगितलं होतं? आपलाच समज चुकीचा असला तर?

तेवढ्यात कल्पनाताईंनी निकाल लावला. पुढच्या उन्हाळ्यात सिंहस्थाचा मेळा, तेव्हा उज्जैनमध्ये ना हॉल मिळणार, ना पाहुण्यांना खोल्या. दातांसाठी थांबण्यात काही अर्थ नाही. या वैशाखातच, अक्षय्य तृतीयेला, आखातीजच्या मुहूर्तावर उरकून टाकू. तार काढा.

अर्धवट सोडलं तर फट तशीच राहील, पुढचे दातही पुढेच दिसतील, असं डॉक्टर म्हणाल्या.

"दिसू देत. फोटोत ओठ मिटून बसायचं, बस. लग्नानंतर बाई दात दाखवत फिरते किती?" कल्पनाताई स्वतःच हसल्या.

ऋता उठून बसली. गळ्यातला कागदी रुमाल तसाच होता.

"नका ना काढू," ती म्हणाली. "वर्ष लागलं तरी चालेल मला. दोन लागली तरी."

"देखो, कित्ती हौस आहे पोरीला." कल्पनाताईंनी तिच्या पायावर कौतुकाने थोपटलं. "अगं, आम्ही तुला आहे तशी पसंत केलीय."

डॉक्टरांनी मधुकरांकडे पाहिलं. काका, तुम्ही काय म्हणता, असं विचारलं.

मधुकर उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ऋता आता त्यांच्याकडे बघत होती, मघा दिव्याकडे बघत होती तशीच, टक लावून.

"तार काढली," त्यांनी विचारलं, "की मग दुखणार नाही ना तिला?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि हातमोजे चढवू लागल्या. "आता काही हलणारच नाही, तर दुखेल कशाला?"