उतारावरचं पोतं

विजेच्या व्हीलचेअरच्या ब्रेकचा ड्रायव्हर, म्हणजे ब्रेक चालवणारा प्रोग्राम, तिने लिहिला होता. हातातली दांडी सोडली की कर्नलने, म्हणजे खुर्चीतल्या संगणकाच्या मूळ प्रणालीने, त्या प्रोग्रामला उठवायचं आणि ब्रेक तिथल्या तिथे लागायचा. उशिराला माफी नाही. चाचणीसाठी उतारावर खुर्ची होती, खुर्चीत वाळूचं पोतं. सकाळपासून सुरळीत चाललं होतं. मग तिने प्रोग्राममध्ये तपासणीपुरती घातलेली, पडद्यावर नोंद छापणारी ओळ काढली आणि खुर्ची पोत्यासकट भिंतीवर आदळली. ओळ परत घातली, तर खुर्ची गुमान थांबली. "छापण्यात वेळ जातो, त्यात वेळ जुळवण्यातली मूळ चूक झाकली जातेय," ती म्हणाली. "मग राहू दे ना ती ओळ," साहेब म्हणाले. "उद्या खुर्च्या पाठवायच्यात." तिने पोतं उतरवलं, सीट झटकली. "बसा." साहेबांनी उताराकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "उद्याचं रद्द," म्हणत त्यांनी वाकून पोतं स्वतः उचललं आणि खुर्चीत बसवलं.