सहा इंच

“गावभर पाइप बसवत फिरतो, आणि घरच्याच बाथरूममध्ये माप चुकवून बसला,” असं बाबांना चिडवत आई कुबड्या भिंतीला टेकवून पोट धरून हसायची. तिला जाऊन वर्ष झालं होतं. पण जुना कमोड काढायचं ठरलं, तेव्हा लेकीच्या कानात तेच हसू घुमलं.

लेकीने पाणी वाचवणारा कमोड निवडला होता. जुना एका दमात दहा लिटर ढोसायचा, हा तीन लिटरवर भागवणारा. मात्र त्याला भिंतीपासून पाइपापर्यंत नऊ इंच हवे होते, आणि इथे होते सहाच.

“फरशी फोडून पाइप पुढे घेऊ,” गवंडी म्हणाला. तसे बाबा, सगळी हयात प्लंबिंगमध्ये घालवलेले, बाथरूमच्या दारात आडवे उभे राहिले.

“सहात बसणारा शोधा. पाइप हलणार नाही.”

“सात दुकानं पालथी घातली, बाबा.”

“मग आठवं बघ.”

“चूक तुमची, आणि वर ऐट केवढी! इतक्या वर्षांनी कबूल केलीत, तर कोण फासावर देणार आहे तुम्हाला?”

बाबांनी चौकटीवरचा हात काढला नाही.



“तेव्हा पाइप पुढे घेतला असता, तर कमोड पुढे आला असता आणि तुझ्या आईच्या कुबड्या आत वळल्या नसत्या. तिला कुणाची मेहेरबानी खपायची नाही, म्हणून तिला सांगितलं, माप चुकलं.”