तीन डबे

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी संचालकांचा कॉम्प्युटर आणि तळमजल्यावरचा प्रिंटर यांना नेटवर्कवर एकच पत्ता मिळाला आणि दोन्ही बंद पडले. असे पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर ऑफिसात एकच असायला हवा. इथे कोणीतरी गुपचूप आणखी एक लावला होता.

"कोणामुळे झालं, त्याचं नाव पाचच्या आत लेखी द्या," संचालकांनी नव्या नेटवर्क इंजिनिअरला सुनावलं. "नाहीतर स्वतःचा राजीनामा द्या."

इंजिनिअर टेबलांखाली रांगत निघाला. पहिला डबा, म्हणजे असेच पत्ते वाटणारा घरगुती वायफाय राउटर, मनुष्यबळ विभागाच्या बाईंच्या पायाशी सापडला. "अरे, इथे नेटच येत नव्हतं, म्हणून घरून आणला. माझं नाव घेऊ नकोस हं!" दुसरा स्टोअरकीपरच्या कपाटामागे निघाला. "बाईंनी लावला तर मी काय घोडं मारलंय?" तिसरा चहाच्या मशिनमागे होता, पण तो आपला म्हणायला कोणीच पुढे येईना.

चार वाजता त्याने तिन्ही डबे उपटून संचालकांच्या टेबलावर मांडले, तोच सगळ्या मजल्यांवरून ओरडा झाला. होतं नव्हतं तेवढं नेट गेलं होतं. संचालकांच्या ड्रॉवरमधून किल्ली घेऊन तो अधिकृत सर्व्हरच्या कुलूपबंद खोलीकडे धावला.

सर्व्हर बंद होता आणि त्यावर संचालकांच्या सहीची तीन वर्षांपूर्वीची चिठ्ठी होती: "फार घरघरतो. कोणी चालू करू नये."


पाचला पाच कमी असताना इंजिनिअरच्या हातातला कागद कोराच होता.