पत्रोबाचा आखूड पाय

"आखूड पाय कुठला, सांगा बघू?" कागदताईने विचारलं.

"उजवा!" मुलं ओरडली.

"शाब्बास. ज्या तुकड्यावर 'उ' छापलाय तो उजवा. कडा आत दुमडा आणि डिंक बेताने लावा. बदाबदा ओतलात तर पत्रोबाला आंघोळ होईल."

वाचनालयाच्या बालविभागात कात्र्यांची नुसती कचकच चालली होती. पत्रोबा म्हणजे एका जुन्या विज्ञानपटातला पत्र्याचा यंत्रमानव. कागदताईला असल्या सिनेमांचं वेड. त्यातल्या पात्रांची खेळणी ती कागदावर आखायची आणि साइटवर फुकट ठेवायची. छापा, कापा, चिकटवा. त्यात पत्रोबाने तर कहर केला होता. उतरत्या पुठ्ठ्यावर ठेवला की गडी लंगडत, डुगडुगत खाली यायचा आणि बघणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळायची. लोक भराभरा छापत होते.

"सिनेमात तो अस्साच चालायचा," असं म्हणून कागदताई स्वतः टेबलापासून खिडकीपर्यंत लंगडत गेली. एक पाय फरफटवत, मानेला झटके देत. "बिचाऱ्याचा स्क्रू ढिला होता!"

मुलं खो खो हसली. एक टवाळ तर तिच्या मागोमाग खोलीभर लंगडून आला.

दाराजवळच्या बुटक्या स्टुलावर एक आजोबा बसले होते. कुणाला तरी सोडायला आले असतील, असं तिने धरलं होतं. अख्ख्या खोलीत तेवढेच हसत नव्हते.

"आजोबा, घ्या की तुम्हीही कात्री! लाजताय काय?"

त्यांनी हातानेच 'नको' म्हटलं.

वर्ग सुटला. मुलं आपापले पत्रोबा घेऊन पळाली. आजोबा मात्र तिथेच.

"तुमचा नातू राहिला का मागे?"

"नाही, मी एकटाच आलोय. हा पाय तुम्ही स्वतः बघून काढलात?"

"मग काय! तो सरळ आपल्याकडे चालत येतो ना, तिथे सिनेमा थांबवला, पडद्यावर पातळ कागद धरला आणि गिरवला. माझ्या उजव्या हाताकडचा पाय तोकडा निघाला. एवढं बारीक काम कुणी करत नाही हो."

"असं होय," आजोबा म्हणाले. "त्या पत्र्याच्या आत मी होतो."

कागदताईला हसू आलं. असे दावे करणारे तिला बरेच भेटले होते. तेवढ्यात आजोबा स्टुलावरून उठले आणि तिच्याकडे चालत आले. एक पाऊल, मग फरफट, मग मानेला झटका.

तिचं हसू ओठांतच राहिलं.

अगं बाई! ती आजवर समजत होती, की लंगडण्याची गंमत दिग्दर्शकाने मुद्दाम घातलीय. तो तर एका जित्याजागत्या माणसाचा पाय होता. आणि आत्ताच, त्याच माणसासमोर, ती खिडकीपर्यंत नाचून आली होती. वर पोरांना हसवलंही होतं. तिची कानशिलं तापली. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं.

"आजोबा, मला खरंच माहीत नव्हतं हो."

"अहो ताई, ऐका तर. त्या पायाचं काय आहे..."

"काही सांगू नका! माझी मलाच शरम वाटतेय. दुसऱ्याच्या व्यंगावर हसणाऱ्यांना मी आजवर नावं ठेवली आणि मीच खेळणं केलं त्याचं! किती घरांत गेलं असेल, किती लोक हसले असतील. थांबा, तुमच्यादेखत दुरुस्त करते."

तिने संगणक ओढला. जुना कागद साइटवरून काढून टाकला. दोन्ही पाय सारखे आखले आणि प्रिंटर चालू केला. आजोबांनी दोनदा तोंड उघडलं, पण ती बोलू देईल तर शपथ. त्यांच्याकडे बघायची तिची छातीच होईना, म्हणून ती प्रिंटरशीच बोलत राहिली. एरवी केसाएवढीही न चुकणारी तिची कात्री आज रेषेबाहेर गेली.

डिंक नीट वाळायच्या आधीच तिने नवा पत्रोबा पुठ्ठ्यावर ठेवला. तो ताठ मानेने, ठकठक, एका लयीत खाली आला. हसण्यासारखं त्यात काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

"आता कुणी हसणार नाही," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "माझं चुकलं. माफ केलंत ना?"

आजोबांनी नवा पत्रोबा बोटाने हळूच बाजूला सारला. टेबलावरच्या कपट्यांत हात घालून तिचा नमुन्याचा लंगडा पत्रोबा बाहेर काढला आणि तळहातावर उभा केला.

"तो नवा कोण, मी ओळखत नाही," ते म्हणाले. "ताई, त्या सिनेमात चेहरा पत्र्याचा होता, आवाज दुसऱ्याचा. नावांच्या पाट्यांमध्ये माझं नावसुद्धा आलं नाही. माझं म्हणून पडद्यावर दिसली ती एवढी चाल. पोरं माझ्यासारखी चालताना बघून आज जीव सुखावला हो. मी आलो होतो ते फक्त एवढंच सांगायला, की आखूड पाय डावा आहे."