भांडायला जागा

लेकीनं दार असं आपटलं की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. पण काळजीसारखं काही घडलंच नाही, असं आईनं धावत आलेल्या शेजारीणबाईंना ठासून सांगितलं. संस्थेनं गेल्याच आठवड्यात या दोन खोल्या दिल्या होत्या. त्याआधी दोन वर्षं मायलेकी त्याच संस्थेच्या आश्रयगृहात, सगळ्यांच्या मध्ये एका पडद्याआड राहिल्या. तिथं लेक रागवायची तीसुद्धा कुजबुजत. 'पोरीचा आवाज परत दे,' एवढंच आई देवाकडे मागायची.

"माझ्याशी बोलू नकोस!" आतून लेक गरजली.

"नाही बोलत, बाई. तू ओरड, मी ऐकतेय."

डोळे पुसत आईनं संस्थेला अर्ज लिहायला घेतला, एक प्रत देवाला: 'आपल्या कृपेने मुलगी भांडू लागली आहे. तरी सदर भांडण ती तीस वर्षांची होईपर्यंत चालू ठेवण्यास मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.'